नऊची खुर्ची

आपला निवेदक प्रसिद्ध झाला तो जाहिराती सुरू व्हायला अर्धं मिनिट उरलेलं असताना. दुपारची चर्चा चालली होती. एक पोक्त वक्ते टेबलावर बोट आपटून सांगत होते, की पुरुषाने पुरुषाच्या प्रेमात पडायचं हे खूळ बाहेरून आलेलं आहे. आपल्यात अशी माणसं कधी नव्हती आणि आजही नाहीत. अशा वेळी निवेदकाने मान डोलवायची, 'आपला मुद्दा लक्षात आला' म्हणायचं आणि पुढच्या पाहुण्याकडे वळायचं, असा रिवाज. याने मान डोलवली खरी, पण म्हणाला, "आहेत. त्यातला एक तुमच्या समोरच बसलाय. घेऊया एक छोटीशी विश्रांती."

पडद्यावर फरशी पुसायच्या औषधाची बाई हसायला लागली आणि इकडे संपादकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आधी डोक्याला हात लावला, मग मालकांना फोन लावला, मग मालकांचा फोन लागत नाही म्हणून पुन्हा डोक्याला हात लावला. याला उठवून दुसऱ्या कोणाला बसवायचं हे ठरेपर्यंत विश्रांती संपली आणि आपला गडी शांतपणे पुढचा प्रश्न विचारत होता. पुढच्या आठवड्यात प्रेक्षकसंख्येचे आकडे आले. ते पाहून संपादकांना एकदम आठवलं, की आपण पहिल्यापासूनच पुरोगामी आहोत. चौकाचौकात फलक लागले. निवेदकाचा दोन मजली चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जसा आहे तसा'.

तेव्हापासून चॅनेलवर एक अलिखित नियम झाला. जगाच्या पाठीवर कुठेही दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी लग्न केलं, भांडण केलं, पुस्तक लिहिलं किंवा नुसता हातात हात घेतला, की ती बातमी याच्या टेबलावर. कोर्टाचा निकाल याच्याकडे, मोर्चा याच्याकडे. एकदा कुठल्याशा तलावावर दोन नर हंसांनी मिळून घरटं बांधलं, ते हंसही याच्याकडेच आले. ती बातमी त्याने इतक्या गंभीरपणे वाचली, की तो हंसांच्या नातेवाइकांचं सांत्वन करतोय असं वाटावं. हंसांवर त्याचा राग नव्हता. पण त्याला अर्थसंकल्प हवा होता, निवडणुका हव्या होत्या, कोसळलेले पूल आणि पडलेली सरकारं हवी होती, आणि ते सगळं नऊच्या बातम्यांत असायचं.

नऊच्या बातम्या थोरले निवेदक द्यायचे. भारदस्त आवाज, पांढरे कल्ले, आणि कोणीही भेटलं की नातवंडांचे फोटो दाखवायची सवय. त्यांच्या खालच्या त्या खुर्चीत आपल्या निवेदकाचा जीव नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अडकलेला होता. दरवर्षी तो संपादकांकडे जाऊन विषय काढायचा, आणि दरवर्षी संपादक मागे रेलून, अगदी प्रेमाने सांगायचे, "नऊला लोक जेवत असतात रे. आजी-आजोबा, पोरंबाळं, सगळी एकत्र. तेव्हा समोर कसा संसारी माणूस लागतो."

"मीही संसारीच आहे, सर."

"आहेस ना! मला माहितीये. पण लोकांना तसं वाटायला हवं."

या वर्षी मात्र थोरल्यांचा आवाज बसला तो पुन्हा उठलाच नाही. आणि चॅनेलने लोकांची मतं गोळा केली तर भलतंच निघालं. लोकांना हा घरातला वाटायला लागला होता. कोणी म्हणे आमचा धाकटा असाच आहे, कोणी म्हणे आमचा नाहीये, पण असता तर असाच असावा. संपादकांनी त्याला बोलावून घेतलं, स्वतः उठून दार लावलं आणि म्हणाले, "नऊची खुर्ची तुझी. फक्त एक छोटीशी फिल्म करू. 'चारचौघांसारखं घर'. तू, डॉक्टर आणि आई. सकाळचा चहा, थोडी थट्टामस्करी, खिडकीतून ऊन. लोकांनी एकदा तुमचा संसार बघितला की झालं."

निवेदकाचे डोळे भरून आले. संपादकांना वाटलं, आनंदाने. आनंद होताच. पण पंचाईत अशी होती, की डॉक्टर घर सोडून गेल्याला चार महिने होऊन गेले होते.

डॉक्टर म्हणजे जनावरांचा डॉक्टर. कुत्री, मांजरं, पोपट, ससे, क्वचित एखादी शेळी. आठ वर्षं तो निवेदकाबरोबर एका घरात राहिला. निवेदकाच्या प्रत्येक मुलाखतीत 'आमचे डॉक्टर' असायचेच, त्यामुळे लोक त्यालाही ओळखत. तो गेला तेव्हा आदळआपट झाली नाही, तिसरं कोणी मध्ये आलं नव्हतं. एका सकाळी दुसरी बॅग सापडेना म्हणून त्याने आपले कपडे मोठ्या कुत्र्याच्या पिंजऱ्यात भरले, "जातो मी" म्हणाला आणि गेला. निवेदक तेव्हा आरशासमोर टाय बांधत होता. त्याला वाटलं, दवाखान्यातच चाललाय.

ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. इतरांचं मोडतं तेव्हा त्यांचं घर तेवढं मोडतं. याचं मोडलं असतं तर समोरच्यांचा मुद्दा सिद्ध झाला असता. 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो!' असं म्हणायला किती तोंडं टपून बसली होती ते त्याला माहीत होतं. शिवाय दुकानात एका अनोळखी बापाने त्याचा हात धरून सांगितलं होतं, "तुमचं दोघांचं बघून आम्ही मुलाला घरात घेतलं." त्या बापाला आता काय तोंड दाखवायचं? तर अशी गत होती. जे लपवायचं ते अख्ख्या देशाला सांगून मोकळा झालेला हा माणूस, जे कोणाच्याही घरी होतं ते लपवत फिरत होता.

तो आईकडे गेला. आई दोन गल्ल्या सोडून राहायची. ती टेबलाशी बसून मटार सोलत होती आणि समोर आवाज बंद करून टीव्ही लावलेला होता.

"आई, एक सांगायचंय. डॉक्टर घर सोडून गेलाय."

"माहितीये," आई मान वर न करता म्हणाली. "दर गुरुवारी येतात माझ्याकडे. माझा रक्तदाब बघतात."

"तो जनावरांचा डॉक्टर आहे, आई!"

"असेना का. तुझ्या त्या माणसांच्या डॉक्टरपेक्षा हात हलका आहे त्यांचा."

निवेदक आ वासून बघत राहिला. चार महिने तो आईला फोनवर 'डॉक्टर मजेत आहे, तुझी आठवण काढतो' असं रंगवून सांगत होता, आणि ही बाई तिकडे त्याच डॉक्टरला चहा पाजत होती.

"मला बोलली नाहीस कधी?"

"तू तरी बोललास? मी म्हटलं, बघू किती दिवस तोंड मिटून बसतो ते." आईने मटारचं भांडं बाजूला सारलं. आता तिचा आवाज चढला. "दोन वर्षं लागली रे मला त्यांना जावई म्हणायला. दोन वर्षं! तुझ्या मावशीशी भांडले, काकाकडे जायचं सोडलं, शेजारणीला तोंडावर सुनावलं. एवढं सगळं करून कुठे जीव लागला, तर म्हणे ते गेले. मी काय रिमोट घेऊन बसलेय, तू म्हणशील तेव्हा बदलायला?"

"मी घालवलं नाही त्याला."

"मग आणायला गेलास?"

त्याने खुर्ची ओढली, दोन मटार तोंडात टाकले आणि नऊच्या बातम्यांचं सगळं सांगितलं. आईचे डोळे चमकले, कारण नऊच्या खुर्चीचा सोस तिलाही कमी नव्हता. मावशीची जिरवायची ती शेवटची संधी होती. पण फिल्मचं ऐकलं तसा तिने कपाळाला हात लावला.

"म्हणजे स्वतःसाठी नाही बोलवायचं त्यांना. बातम्यांसाठी बोलवायचं!"

"एका सकाळपुरतं. तू सांगितलंस तर येईल तो."

आईने पदराला हात पुसले आणि फोन उचलला. डॉक्टरला ती कधी अरे-तुरे करायची नाही, जावयाचा मान म्हणून. "अहो डॉक्टर, एक नाटक आहे," ती म्हणाली, "आणि त्यात तुमचं काम आहे." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. मग ती "हो... हो... गाढव आहेच तो" असं म्हणाली आणि फोन ठेवला. "येतायत. आणि हे बघ, एकदा पाऊल घरात पडू दे. पुढचं मी बघते."

शूटिंगच्या सकाळी डॉक्टर सगळ्यांच्या आधी आला. खिशातून त्याने दातांचा ब्रश काढला आणि बाथरूममधल्या पेल्यात नेऊन ठेवला. "दोन दिसायला हवेत ना," तो म्हणाला. मग त्याने फ्रिज उघडला. आत पाण्याची बाटली, चेहऱ्याला लावायचं मलम आणि अर्धं लिंबू. त्याने निवेदकाकडे बघितलं आणि दार लावलं. सुदैवाने मागोमाग आई दोन पिशव्या भरून दूध, अंडी, भाज्या घेऊन आली आणि तिने झपाझप फ्रिजला संसारी करून टाकलं.

चॅनेलची दोन माणसं आली होती. एक निर्माती, जी समोर काहीही घडलं तरी 'मस्त!' म्हणायची, आणि एक कॅमेरावाली, जी काहीच म्हणायची नाही. दोघींनी मिळून सोफा हलवला, पडदे सरकवले, भिंतीवरचं घड्याळ चमकतं म्हणून उतरवलं आणि दोघांच्या कॉलरला आणि आईच्या पदराला छोटे माइक अडकवले.

आधी आईची पाळी. निर्मातीने विचारलं, "तुम्हाला पहिल्यांदा कळलं तेव्हा काय वाटलं?"

"काय वाटायचंय? पोटचा गोळा तो," आई म्हणाली. "मी त्याच क्षणी म्हटलं, जा, आधी जेवायला घेऊन ये त्यांना."

निवेदक छताकडे बघायला लागला आणि डॉक्टर बुटांकडे. त्या क्षणी ती प्रत्यक्षात काय म्हणाली होती ते दोघांनाही चांगलं आठवत होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीत भोक पाडायला घेतलं, म्हणून पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळी 'पोटचा गोळा' म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्या वेळी नेमक्या त्याच शब्दावर नेमकं तेवढंच पाणी आलं.

"आई, तुम्ही तर नट्यांच्या तोंडात मारलीत!" निर्माती म्हणाली.

"बघून बघून येतं, बाई," आई म्हणाली आणि डोळे पुसून चहा ठेवायला गेली.

मग दोघांचा शॉट. "तुम्ही सिंकपाशी उभे राहा. एकाने कप धुवायचे, एकाने पुसायचे. आम्ही दारातून लांबून घेतो. याचा आवाज लावायचा नाहीये, वर संगीत येणार. तेव्हा काहीही बोला, नुसते ओठ हलायला हवेत."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. चॅनेलवर नवीन पोरं आली, की त्यांना पहिलं व्याख्यान आपला निवेदकच द्यायचा. कॉलरला माइक आहे तोवर तो जिवंत आहे असं समजा. एका मंत्र्याची खुर्ची माइक काढायच्या आधी केलेल्या पुटपुटीने कशी गेली, ते तो साभिनय सांगायचा. 'आवाज लावायचा नाही' म्हणजे नंतर लावायचा नाही. यंत्र चालूच असतं. हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि म्हणूनच की काय, तो स्वतः सिंकपाशी उभा राहिला तेव्हा ते त्याच्या गावीही नव्हतं.

"बोल काहीतरी," तो ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. हवेचं बोल."

"हवा बरी आहे." डॉक्टरने एक बशी विसळून त्याच्या हातात दिली. "झोप लागते का नीट?"

निवेदकाने मान डोलवली.

"ही नको."

"काय नको?"

"ही मान. समोरच्याचं ऐकून घेतोय असं दाखवायची तुझी एक मान आहे. पाहुण्यांना बरी वाटत असेल. मी आठ वर्षं तिच्याशी बोलत होतो."

निवेदकाने बशी पुसली. ती आधीच कोरडी झाली होती, तरी पुसत राहिला. "तू का गेलास ते सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारतोय."

"ओठ हलायला हवेत म्हणून?"

"नाही."

डॉक्टरने नळ बारीक केला. "तू त्या दुपारी टीव्हीवर सांगून टाकलंस ना, तेव्हा मी एका कुत्र्याचा ताप बघत होतो. त्या कुत्र्याची मालकीण समोर उभी. तिचा फोन वाजला, तिने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, 'हे तुमच्याच घरात राहतात ना?' माझ्या हातात थर्मामीटर, आणि कुत्र्याचा ताप कुठून बघतात ते तुला माहितीये. पळूनही जाता येईना. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. माझ्या वडिलांना कळलं, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. मला मात्र तू रात्री घरी येऊन सांगितलंस. आणि इतका आनंदात होतास, की मीच तुझं अभिनंदन केलं."

"सोपं नव्हतं रे ते. धाडस लागलं होतं."

"लागलंच. मी कुठे नाही म्हणतोय? पण त्यातलं अर्धं धाडस माझं होतं, आणि ते तू न विचारता खर्च केलंस. पुढे मुलाखती आल्या, फलक आले. मी म्हटलं, आता विचारेल, नंतर विचारेल. आपल्या घराला पडदे कुठल्या रंगाचे येणार तेसुद्धा मला एका मासिकातून कळलं."

पलीकडे शेगडीपाशी आईने चहाचं भांडं उगाचच जोरात आपटलं. निवेदकाला खूप वेळ काही सुचलं नाही, जे त्याच्या धंद्यात फार वाईट समजतात. मग तो म्हणाला, "घरी आलो की कुठे आवाज नसतो. मी टीव्ही लावतो. तर माझाच कार्यक्रम पुन्हा लागलेला असतो. मग तो बंद करतो." त्याने बशी खाली ठेवली. "परत ये ना."

"बातम्यांसाठी?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि तो आयुष्यभर सोपं बोलत आला होता. "बातम्यांसाठीही," तो म्हणाला. "पण तेवढ्यासाठीच नाही."

डॉक्टरला हसू फुटलं. हातातला कप सिंकमध्ये ठेवून तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे गळायला लागले, ते त्याने साबणाच्या हाताने पुसले आणि मग ते खरोखरच चुरचुरून आणखी गळायला लागले.

"मस्त!" निर्माती दारातून ओरडली. "एकदम नैसर्गिक! हेच पुन्हा एकदा, खिडकीच्या बाजूने."

खिडकीच्या बाजूने ते हवेबद्दल बोलले. शूटिंग संपल्यावर डॉक्टरने आईच्या रक्तदाबाची चौकशी केली, पेल्यातला आपला ब्रश घेतला आणि तो दवाखान्यात गेला. आईने ब्रश जाताना बघितला आणि त्या दिवशी मुलाशी ती पुन्हा बोलली नाही.

दोन दिवसांनी संपादकांनी निवेदकाला एडिटिंगच्या खोलीत बोलावलं. खोली अंधारी, पडद्यावर सिंक, आणि त्यासमोर निर्माती नाक पुसत बसलेली. संपादकांनी बटण दाबलं. "हे तुमच्याच घरात राहतात ना?" डॉक्टरचा आवाज खोलीभर पसरला, इतका स्वच्छ, की नळाचं पाणीसुद्धा ऐकू येत होतं. सगळं बाहेर आलं होतं. आता खुर्ची गेली, आणि वर खोटारडा ठरून गेली. संपादक आपल्याला फाडून खाणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"सोनं आहे रे हे!" संपादक म्हणाले.

"काय?"

"सुखी जोडपी काय, ढिगाने पडलीत. पण मोडलेलं मन घेऊन रोज नऊला देशासमोर बसणारा माणूस! बायका रडतील, पुरुष तोंड धुवायला उठतील. संगीत काढून टाकू, नुसता नळाचा आवाज ठेवू."

"पण सर, तुम्हाला संसारी माणूस हवा होता."

"मग याहून संसारी काय असतं? रुसणं, निघून जाणं, कपबशा. अरे, माझी बायको हेच बोलते, पडद्यांसकट!"

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. निवेदकाने पडद्यावर डॉक्टरचा साबण लागलेला चेहरा बघितला आणि त्याला मनापासून लाज वाटली. हा माणूस एकदा आपल्यामुळे देशासमोर उघडा पडला होता. आता पुन्हा पडणार, तोही रडताना, आणि खाली चॅनेलचं बोधचिन्ह असणार.

"हे जाणार नाही," तो म्हणाला.

"का? डॉक्टरांना विचारून बघ की. रीतसर सही घेऊ त्यांची."

"विचारायची गरज नाही. मी ओळखतो त्याला. तो नाहीच म्हणेल."

"बरं, मग जुनं ठेवू. आई, चहा, खिडकीतलं ऊन."

"ते खोटं आहे, सर."

संपादकांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू त्याने देवळात शिवी दिली. मग घसा खाकरून म्हणाले, "मग मला खेळवाल्याला बसवावं लागेल. त्याची बायको आहे, दोन मुलं आहेत, सगळे तयार आहेत." खेळाच्या बातम्या देणाऱ्या त्या गृहस्थाचा संसार भक्कम होता यात शंका नव्हती, इतका भक्कम, की तो एका घरात मावत नव्हता, आणि दुसऱ्या घराचा पत्ता शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. "सहाला मी मालकांना नाव कळवणार. तोवर डोकं ठिकाणावर आलं तर फोन कर."

निवेदक जिना उतरला तेव्हा त्याला रडू येत होतं. पण खरं सांगायचं तर चार पायऱ्या उतरल्यावर त्याला स्वतःबद्दल जरा बरंही वाटायला लागलं, आणि रस्त्यावर पोचेपर्यंत चांगलंच भरून आलं. आयुष्यातली सगळ्यात प्रिय गोष्ट आपण कोणासाठी तरी सोडली! हे त्या कोणाला तरी ताबडतोब कळायला हवं होतं. तो तडक दवाखान्यात गेला.

दवाखान्यात फिनेलचा आणि ओल्या केसांचा वास होता. बाकावर एक आजोबा पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसले होते. आतल्या टेबलावर एक जाडजूड मांजर होतं आणि डॉक्टर त्याच्या कानात डोकावत होता. निवेदकाने सांगायला सुरुवात केली. बातमी सांगायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे त्याने आधी ठळक मुद्दा सांगितला, मग तपशील, मग संपादकांचं म्हणणं, आणि शेवटी किंचित आवाज खाली आणून स्वतःचा नकार. मग तो थांबला. अशा ठिकाणी समोरच्याने काहीतरी म्हणायचं असतं.

डॉक्टरने कापसाचा बोळा बदलला. "मला विचारलंस?"

"तुझ्यासाठीच तर मी—"

"ते कळलं. मला विचारलंस का?"

"तू नाही म्हणाला असतास."

"मी हो म्हणालो असतो."

मांजर मोठ्याने ओरडलं. निवेदकाला आपणच ओरडलो असं वाटलं.

"एवढ्या वर्षांत त्या दिवशी सिंकपाशी आपण पहिल्यांदा खरं बोललो," डॉक्टर म्हणाला. "आणि ते तुझ्या नकळत झालं. माझ्या वडिलांनी ते ऐकलं असतं तर मला आवडलं असतं. आणि तुला नऊ मिळालं असतं. तुझा जीव कशात आहे ते मला काय माहीत नाही? रडका तर रडका, दिसलो असतो चार लोकांना. हो म्हणालो असतो मी. पण तू माझ्या वतीने नाही सांगून आलास, आणि वर मला त्याची बातमी द्यायला आलास."

निवेदकाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सहाला थोडा अवकाश होता. त्याचा हात आपसूक खिशात गेला आणि फोन बाहेर आला. "अजून वेळ आहे! मी आत्ता सांगतो त्यांना, डॉक्टरांची हरकत नाही, पूर्ण संमती—" संपादकांचं नाव पडद्यावर आलंही. नऊची खुर्ची अगदी हाताशी आली, समोरचे दिवे, ठळक बातम्यांचं ते संगीत, सगळं. अंगठा हिरव्या बटणावर टेकणार, एवढ्यात त्याचं लक्ष वर गेलं. डॉक्टर हातात बोळा घेऊन नुसता बघत होता. रागाने नाही. एखादं आजारी जनावर खाईल की नाही, असं बघतात तसा.

अंगठा थांबला. जी गोष्ट कोणालाही सहज सुचावी, ती निवेदकाच्या डोक्यात शिरायला आठ वर्षं आणि वर चार महिने लागले होते. त्याने आजवर मंत्र्यांना, गुंडांना, खेळाडूंना, हंसतज्ज्ञांनासुद्धा हजारो प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येकाचं उत्तर काय येणार ते त्याला आधी ठाऊक असायचं. या प्रश्नाचं ठाऊक नव्हतं.

"करू का?" त्याने विचारलं.

डॉक्टरने विचार केला. खरोखर केला, घाई न करता.

"नको," तो म्हणाला.

निवेदकाला उगीच वाटलं होतं, की नीट विचारलं की उत्तरही नीट येतं. त्याने फोन बंद केला आणि खिशात टाकला. "बरं," तो म्हणाला.

"हिला धर जरा," डॉक्टर म्हणाला. "दोन्ही हातांनी. दुसरा कान बघायचाय."

निवेदकाने बाह्या वर केल्या आणि मांजरीला धरलं. तिने त्याचं मनगट रक्त निघेपर्यंत ओरबाडलं. त्याने सोडलं नाही. बाहेर पोपटवाले आजोबा घड्याळाकडे बघून पोपटाला सांगत होते, की बाबा रे, सहा वाजून गेले, आता आपला नंबर.